कालचं पाणी

पहिल्याच भेटीत मी त्याचे बूट भिजवले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

सकाळी नळ आला की हंड्यातलं कालचं पाणी ओतायचं आणि ताजं भरायचं, ही आमच्या घणसोली गावातल्या घरांची रीत. शिळं पाणी देवाला चालत नाही, पाहुण्याला तर नाहीच, असं माझी आई जाईबाई सांगते. मी दारातून हंडा उपडा केला आणि नेमका तेव्हाच पाणीखात्याचा हा मुलगा बोळात वळला. गळ्यात ओळखपत्र, हातात ‘पाणी वाचवा’ची पत्रकं... आणि बुटांत आमचं पाणी.

“एका रात्रीत पाणी शिळं होतं?” त्याने विचारलं. हसून विचारलं, म्हणून जास्तच झोंबलं.

मी त्याला मनगट धरून बोळाच्या टोकाला नेलं. समोरच्या टॉवरची टाकी रोजच्यासारखी भरून वाहत होती. खाली पाइप लावून गाड्या धुणं चाललं होतं. आमच्याकडे करंगळीएवढी धार येते, तीही घटकाभर. आणि याच टॉवरला येत्या रविवारी पाणी वाचवल्याबद्दल खात्याचं बक्षीस! गेटवर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोटोसकट बॅनरही लागला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

“आधी तिकडे शिकवा,” मी म्हणाले. “मग माझ्या हंड्याकडे बघा.”

त्याने पत्रकं दुमडून खिशात घातली. टॉवरची तपासणी त्यानेच केली होती, पण दुपारी, टाकी वाहत नसताना. मग तो रोज सकाळी टाकीच्या पाण्याने भिजलेल्या टॉवरच्या भिंतीचे फोटो काढायला येऊ लागला. नाव आशुतोष, घर सानपाड्याला, नोकरी कंत्राटी. बक्षीस अडवलं तर ती नोकरी टिकेल का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. पापण्या मात्र फार लांब होत्या... मला त्यांचाही राग आला.

“अडवणार ना, आशुतोष?”

“बघतो.”

“बघतो म्हणणारे खूप बघितलेत मी.”

“नमिता, मला कुठे नीट बघितलंयस अजून?”

मी तोंड फिरवलं. कान तापले होते.

रविवारी मी चार शब्द सुनावायलाच टॉवरच्या गेटवर गेले. मांडव होता, हार होते, पण बक्षीस नव्हतं. सेक्रेटरी आशुतोषवर सगळ्यांदेखत ओरडत होते. टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट बसवा आणि पुढच्या वर्षी अर्ज करा, एवढंच तो शांतपणे सांगत राहिला.

पुढच्या आठवड्यात टॉवरची भिंत कोरडी दिसली. नळ नुकताच आला होता, कालचा हंडा अजून ओतायचा होता, तेव्हा तो दारात आला तो ओळखपत्राशिवाय.

“काढलं मला,” तो म्हणाला.

संतापाने माझे डोळे भरून आले. खोटं बोलणाऱ्यांना हार आणि खरं बोलणाऱ्याला नारळ! मी खात्याला, सेक्रेटरींना, तोंडाला येईल ते बोलत सुटले. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि प्यायला पाणी मागितलं. कालचं.

आई हबकली. “पावन्याला शिला पानी कसा द्यावाचा गो?”

“कालचंच द्या, मावशी,” तो म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. “आजचं प्यायला उद्या येईन... मग रोजच.”

मी कालच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि रागारागातच त्याच्यापुढे धरला.

“एक थेंब सांडलास तर बघ,” मी म्हणाले.