पाठ तुटला नाही

१०८०

राजारामपुरीत, औषधांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला त्र्यंबक सरांचा गणिताचा क्लास. बाकं रिकामी, पोरं सगळी आपापल्या घरी, फोनसमोर. त्यांना खडूची भुकटी दिसे, सरांच्या बाहीचं लोंबणारं बटण दिसे. हे थेट पोचवणारी यंत्रणा सरांच्याच जुन्या विद्यार्थिनीने, अंतराने बांधलेली. नेट चांगलं असेल तर चित्र स्वच्छ. रेंज उतरली की चित्र आपोआप भरड होई, १०८० वरून ७२०, मग ३६०, असं पायरीपायरीने, पण पाठ थांबत नसे.

सरांनी बजावलं होतं, "एकदा जरी पाठ तुटला, तर हे सगळं बंद. घाटावरच्या पोरींना अर्धवट गणित शिकवायचं न्हाय मला."

७२०

आज गगनबावड्यात दाट धुकं होतं. तिथून क्लासला बसणारी एकटीच, बारावीची भैरवी. क्लासच्या कोपऱ्यात बसलेल्या अंतराच्या लॅपटॉपवर भैरवीला जाणारं चित्र एक पायरी उतरलेलं दिसलं. आवाज मात्र खणखणीत.

३६०

"बघा सर, उतरतंय, पण तुटत नाही." अंतराची कॉलर ताठ.

"लई टेंभा मिरवू नको गं," सर मिशीत हसले.

१४४

वीज गेली. पाठोपाठ इन्व्हर्टर बसला. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला, राउटरचेही दिवे गेले.

सर खुर्चीत बसले. "तुटला," एवढंच म्हणाले.

अंतराने माफी मागायला भैरवीच्या आईच्या मोबाइलवर फोन लावला. भैरवीनेच उचलला.

"काय झालंय ताई? क्लास चालूच हाय की. चित्र लई भरड, पण सर दिसत्यात."

"कोण सर?"

"आपलं सर. चौथं गणित सोडवायलेत."

अंतराने वळून पाहिलं. फळ्यावर तीनच गणितं होती.

नुसता आवाज

तरी ती म्हणालीच, "तुटला नाही, सर. तिकडं चालू आहे."

"शाब्बास! माझी विद्यार्थिनी हाय!" सरांनी टेबलावर थाप मारली.

अंतराचा फोन कानालाच होता.

"चित्र गेलं, ताई. हजेरी घ्यायलेत."

मधूनच पळणारे सापडावेत म्हणून सर हजेरी शेवटी घेत.

"तो क्लासचा फोन ह्या फोनजवळ धर," अंतरा म्हणाली.

फोनमधून सरांचाच आवाज. "भैरवी?"

"हजर!" भैरवी ओरडली.

"अंतरा?"

समोर सर ओठ मिटून, कौतुकाने तिच्याकडे बघत होते.

अंतराने दातांवर दात दाबले.

पलीकडून अंतराच्याच आवाजात, ताठ मानेनं दिल्यासारखं उत्तर आलं.

"हजर, सर."