फोन करतो

रीना हेमराजशी पहिलं वाक्य बोलली ते इंग्रजीत, आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत राहिली.

झालं असं, की भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की लागणाऱ्या कारध्याच्या नाक्याजवळ भैय्यालालांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वर घर, आणि घराला लागून वेगळ्या जिन्याची एक खोली. त्या दुपारी भैय्यालाल कुणाच्या तरी बांधावर उभे राहून धानाला युरिया कधी द्यायचा ते सांगत होते, आणि गल्ल्यावर त्यांची मुलगी कानाला हेडफोन लावून आपलं काम करत बसली होती. बाहेर रिपरिप चाललेली. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं, त्याचे ओठ हलले, आणि कानात वाजणारं वाक्य रीनाच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं — "इज द युनिट स्टिल अव्हेलेबल?"

समोरचा तरुण मागे सरला. त्याने दारावरची पाटी पुन्हा वाचली.

"पाटी तं मराठीत हाय," तो म्हणाला. "खोली भाड्याने देणे आहे. मले वाटलं, मराठीतच विचारा लागते."

रीनाने हेडफोन खाली ओढला. "सॉरी... मी कामात होती."

"इंग्रजीत खत विकता?"

"नाही. अमेरिकेतले फोन ऐकते."

"चोरून?"

"पगार घेऊन."

तो मान खाली घालून हसला, तसं केसांतलं पाणी गल्ल्याच्या काचेवर टपटपलं. त्याने ते लगेच बाहीने पुसलं. रीनाला उगाचच ते फार आवडलं. पोरगी चोवीस वर्षांची, शहाणी, पण आवडायला काय लागतं हो!

तो हेमराज. गाव दिघोरी, लाखांदूर तालुक्यातलं. जवाहरनगरच्या केंद्र सरकारच्या दारूगोळा फॅक्टरीत नुकताच कायम झालेला. बहीण रंजू हिचा भंडाऱ्यात नर्सिंगला नंबर लागला होता, होस्टेल भरलेलं, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत दोघांना राहण्यासारखी, बऱ्या वस्तीतली खोली हवी होती. खोली भेटली तर रंजू शिकणार, नाही तर घरी बसणार, इतकं सरळ होतं. फॅक्टरीची बस नाक्यावरच थांबायची, म्हणून तो इथे आला होता.

रीनाने किल्ली घेतली आणि खोली दाखवली. खिडकीतून वैनगंगा दिसत होती.

"पाणी चढून राहिलं," तो म्हणाला. "उद्या गढूळ येते पाहा."

"तुम्हाले कसं समजते?"

"आमचं घरच पाण्यावर चालते. बाप तलावात जाळं टाकते." मग जरा थांबून, खिडकीकडेच पाहत — "ते अमेरिकेतले फोन... काय बोलतात लोकं?"

"खोलीच विचारतात. तुमच्यासारखी."

"मंग भेटते का?"

"कोणाले भेटते, कोणाले नाही..."

ती पुढे सांगणार तोच खालून भैय्यालालांच्या मोटारसायकलचा आवाज आला.

भैय्यालाल तसे दिलदार माणूस. त्यांनी हेमराजला खुर्ची दिली, नोकरीचं विचारलं, खूश झाले. "सेंट्रलचा पगार. वा. पूर्ण नाव काय म्हणालात?"

"हेमराज धनीराम वलथरे."

"वलथरे..." भैय्यालालांनी गल्ल्यावरचा पेन उचलून परत ठेवला. "वडील काय करतात?"

"मच्छीमारी, काकाजी."

"अरे बापा, पाहा माह्यी आठवण!" भैय्यालाल कपाळावर हात मारून इतकं गोड हसले, की कुणालाही खरं वाटावं. "कालच एकाले शब्द देऊन बसलो. खोली गेली. पोरीले माहीत नव्हतं. दुसरी कुठं निघाली, तं फोन करतो तुम्हाले."

"हो, काकाजी," हेमराज म्हणाला. तो उठला, जाताना रीनाकडे एकदाच पाहिलं, आणि पावसात निघून गेला.

भैय्यालालांनी त्याचा नंबर घेतलाच नव्हता. आणि काल कुणीही खोली पाहायला आलं नव्हतं.

आता रीनाच्या कामाचं सांगावं लागेल, नाही तर तिला त्या वेळी काय आठवलं ते कळायचं नाही. अमेरिकेत एक संस्था आहे. ती माणसांच्या जोड्या लावते. दोघांची नोकरी सारखी, कमाई सारखी, वय सारखं. फरक एकच, एक गोरा आणि एक काळा. किंवा एकाचं नाव तिकडच्या बहुसंख्यांसारखं, दुसऱ्याचं मेक्सिकोकडचं, नाही तर आपल्याकडचं. दोघं एकाच घरासाठी फोन करतात आणि ते फोन टेप होतात. घर देताना असा भेद करायचा नाही, असा तिकडे जवळपास साठ वर्षांपासून कायदा आहे. टेप कोर्टात पुरावा म्हणून लागतात. नागपूरच्या एका एजन्सीमार्फत ते रीनाकडे यायचे आणि ती शब्द न् शब्द टाइप करायची, मधल्या शांततेसकट.

वर्षभरात तिच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या होत्या. घर नाकारणारा माणूस कधी चिडून बोलत नाही, लाडानेच बोलतो. आणि ज्याला घर द्यायचं नाही त्याला तो हमखास सांगतो, आम्ही फोन करू. पण नंबर काही विचारत नाही.

नावं-गावं न सांगता रात्री जेवताना ती या गोष्टी घरी सांगायची. भैय्यालालांना त्याचा मोठा नाद. घास हातात धरून ऐकायचे, आणि मधेच म्हणायचे, "थांब, आता तो म्हणते पाहा, घर गेलं!" आणि खरंच तसं निघालं की मान हलवायचे. "काय माणसं असतात. एवढा कायदा असून?"

त्या रात्री रीनाने काहीच सांगितलं नाही.

सकाळी ती दूध आणायला म्हणून नाक्यावर गेली. दूध घरी येतं, हे आईला, सीताबाईला, माहीत होतं, पण ती काही बोलली नाही. हेमराज बसची वाट पाहत एका छपराखाली उभा होता. पुलाखालचं पाणी खरंच गढूळ झालं होतं.

"खोली गेली नाही," रीना म्हणाली.

"माहीत हाय मले."

"कसं?"

"तुमच्या बाबांनी पेन ठेवला ना खाली... तेव्हाच समजलं."

तिने आपलं टेपचं, जोड्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. बस आली तेव्हा म्हणाला, "बाकीचं उद्या सांगजा. माहीत असून बी तुमच्याकडून ऐकाले बरं वाटते."

मग रोजच दूध आणायची वेळ झाली. तो विचारायचा, "काल कोण होतं?" ती सांगायची. एकदा टेपमध्ये एक काळी बाई होती, दोन लेकरांची आई, आवाज एकदम हसरा, आणि पलीकडचा माणूस तिला म्हणाला की घर गेलं.

"मंग त्या बाईले घर भेटलं का?"

"मले कसं माहीत? माझ्याकडे फक्त फोन येतात."

"विचारावं माणसाने," तो म्हणाला. "माह्या मनात राहते ना ते."

"तुमच्या मनात अजून काय काय राहते?"

"एक इंग्रजी वाक्य राहते," तो म्हणाला, आणि बस आली म्हणून वाचला. रीना घरी येईपर्यंत हसत होती, आणि रस्त्यात तिच्या लक्षात आलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, साधं आणि सरळ. मग तिला फार वाईट वाटलं, कारण बाबांचा तो पेन आठवला.

तिनेच मग सुचवलं. हेमराजच्याच खात्यात राजकुमार साठवणे होता. सारखा पगार, सारखं वय, आणि आडनाव भैय्यालालांच्या समाजातलं. सध्या हेमराज त्याच्याच खोलीत, नाक्यापासून जवळच, अंग चोरून राहत होता.

"राजकुमार फोन करेल. बाबा काय म्हणतात ते पाहू."

हेमराजचा चेहरा उतरला. "पुरावा तुम्हाले पाहिजे, रीना. मले नाही. मले हे लहानपणापासून पाठ हाय."

ते तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. "हो," ती म्हणाली. "मलेच पाहिजे. बाबांशी बोलायची माझी हिंमत नाही होऊन राहिली. हातात काही असलं, तं बोलीन."

बस वळणावर दिसली, तसा तो छपराखालून बाहेर आला. "करू द्या त्याले फोन," तो म्हणाला.

भैय्यालाल फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलत, साऱ्या नाक्याला ऐकू जाईल असं. राजकुमारने नाव सांगितलं, नोकरी सांगितली.

"साठवणे? म्हणजे आपल्यातलेच!" भैय्यालाल म्हणाले. "खोली रिकामीच हाय. आजच पाहून जा. आणि नंबर सांगा तुमचा, हं... लिहून घेतो."

रीना पलीकडेच बसली होती. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही म्हणाले, कालच शब्द दिला. आज म्हणाले, रिकामीच हाय. त्याले म्हणाले, फोन करतो, आणि नंबर नाही घेतला. याचा लिहून घेतला."

भैय्यालालांनी फोन गल्ल्यावर ठेवला. "तू मले टेप करून राहिली का?"

"नाही. नुसतं ऐकलं."

"अमेरिकेतलं अमेरिकेत ठेव. इथं मले चार लोकांत राहा लागते. किरायेदार कोण ठेवला ते लोकं पाहतात."

"तिकडचा घरमालक बी हेच म्हणते, बाबा. शेजारी काय म्हणतील."

आतून सीताबाई म्हणाली, "रविवारी त्यांच्याच हातची मच्छी आणता तेव्हा नाही पाहत कोणी?"

भैय्यालाल दुकान तसंच टाकून बाहेर गेले.

राजकुमारने खोली नको म्हणून कळवलं. पाटी दारावरच राहिली. रात्री जेवताना भैय्यालाल म्हणाले, "आज काय झालं तिकडं?"

"नाही सांगत."

"काहून?"

"शेवट माहीत हाय ना तुम्हाले."

असं रोज होऊ लागलं. भैय्यालाल भराभर जेवायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. रंजूचं कॉलेज दोन दिवसांवर आलं, तेव्हा एका सकाळी रीना दूध आणायला निघाली, तर भैय्यालाल छत्री घेऊन आधीच पायरीवर. "तू थांब," ते म्हणाले. पोरीचं दूध कुठलं ते त्यांनाही कळलं होतं, आणि नंबर घेतला नव्हता, तेव्हा आता स्वतःच बसथांब्यावर जाऊन उभं राहणं आलं. जाऊ दे, भिजू दे थोडं, असं सीताबाई म्हणाली.

ते हेमराजला घेऊन आले. गल्ल्यावर किल्ली ठेवली. "खोली रिकामीच होती. तेव्हा बी होती. खोटं बोललो मी."

हेमराजने किल्ली उचलली नाही लगेच. "रंजूसाठी घेतो, काकाजी. माय येऊन राहील तिच्यासोबत. मी नाही राहणार."

"आता काहून? मी म्हणून राहिलो ना."

"राग नाही जी." त्याने रीनाकडे पाहिलं. आता मान खाली नव्हती. "मले तुमच्या घरी किरायेदार म्हणून नाही यायचं. किरायेदाराले घरमालकाच्या पोरीबद्दल विचारता येत नाही. मले... विचारायचं हाय."

भैय्यालालांनी पोरीकडे पाहिलं, तिच्या तोंडावर काय होतं ते वाचलं, आणि गल्ल्यावरचा पेन उचलून परत ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "पाहू. विचार करून फोन करतो."

हे वाक्य तिने वर्षभर टाइप केलं होतं. हेमराजलाही ते पाठ होतं. त्याने किल्ली खिशात टाकली, "हो, काकाजी," म्हणाला, आणि पायरी उतरला.

"थांब," भैय्यालाल म्हणाले. पेन पुन्हा त्यांच्या हातात होता. "वडिलांचा नंबर सांगून जा."

हेमराज सांगू लागला आणि मधल्याच आकड्यावर अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सांगितला. भैय्यालालांनी लिहून घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, तिथेच लावला. स्पीकरवर.

बराच वेळ रिंग वाजली. मग दिघोरीहून, पाण्याच्या काठावरचा, जरा घाबरलेला आवाज आला. "कोन जी? पोरगा बरा हाय ना?"

"बरा हाय, एकदम बरा हाय. मी कारध्याहून भैय्यालाल बोलतो, धनीरामभाऊ," ते म्हणाले. साऱ्या नाक्याला ऐकू जात होतं, तरी त्यांनी स्पीकर बंद केला नाही. "खोलीचं झालं. दुसरं बोलायचं होतं. सवड काढून एकदा घरी या."