तीनदा चुकला की दार बंद

दिवा बारीक करा रे जरा, डोळ्यांवर येतो. आणि फव्वाझ, तुझा मोबाईल खिशात घाल. गोष्टीत मोबाईल आहे, तेवढा पुरे. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. वजदी माझ्या शेजारच्या घरात राहतो, त्याने स्वतः सांगितलीय. सांगताना रडला असता तर मला बरं वाटलं असतं. बाजारभाव सांगावेत तशी सांगितली त्याने.

वजदी आपल्या खारगातल्या खजुराच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं बघायचा. तिथली टेलिफोनची व्यवस्था त्यानेच उभी केली होती. गोदामामागच्या खोलीत एक सर्व्हर, आणि सगळ्यांचे फोन इंटरनेटवरून त्याला जोडलेले. प्रत्येकाला एक नंबर आणि एक पासवर्ड. ड्रायव्हरांच्या मोबाईलमध्ये ॲप. असियूत शहराकडे जाणाऱ्या वाळवंटी रस्त्यावर मधल्या टप्प्यात रेंज मिळत नाही, म्हणून तिथे कारखान्याने एक चौकी बांधली होती. पत्र्याची खोली, पाण्याची टाकी, छतावर उपग्रहाची तबकडी. खोलीला कुलूप असायचं, पण बाहेर भिंतीशी उभं राहिलं तरी वायफाय लागायचं. गाडी बिघडली की ड्रायव्हर तिथवर चालत जायचा आणि ॲपवरून कारखान्याला फोन करायचा. ती तबकडीही वजदीनेच बसवलेली.

त्या जानेवारीत सर्व्हरमध्ये चोर शिरले. परदेशातल्या कुणीतरी एका कारकुनाचा पासवर्ड ओळखला. पासवर्ड म्हणजे काय, एक-दोन-तीन-चार! रात्रभर आपल्या सर्व्हरवरून जगभर महागडे फोन फिरवले. बिल बघून मालकाच्या, हाजी मुख्तारच्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"तू टेलिफोन बसवलास की धर्मशाळा उघडलीस रे?" हाजी गरजला.

"हाजी, आज रात्रीच बंदोबस्त करतो."

"कर बाबा. नाहीतर उद्यापासून बायकांबरोबर खजूर निवडायला बस."

तर तेवीस जानेवारी, गुरुवारची रात्र. हाडं गोठवणारी थंडी. जेवण उरकून वजदी सर्व्हरच्या खोलीत बसला. सगळ्यांचे पासवर्ड बदलून लांबलचक केले. ड्रायव्हरांना ते सकाळी द्यायचे होते. त्या रात्री एकट्या अय्यूबची फेरी होती, त्याला त्याचा नवा पासवर्ड संध्याकाळीच दिला होता. मग परदेशी फोन बंद केले. शेवटी दारावर पहारा बसवला. तीनदा पासवर्ड चुकला की ज्या इंटरनेटच्या पत्त्यावरून तो आला त्या पत्त्याला दार बंद. पुढे त्याने कितीही ठोठावलं तरी उत्तर द्यायचं नाही. आत कुणी राहतच नाही असं बाहेरच्याला वाटलं पाहिजे.

मध्यरात्र उलटली आणि स्क्रीनवर कुणीतरी आलं. पत्ता परदेशचा. नंबर सतरा.

सतरा नंबर सफवतचा. वजदीचा थोरला भाऊ, कारखान्यात ड्रायव्हर, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा.

"घ्या! चोराला दादाच सापडला," वजदी स्वतःशीच हसला. सकाळी दादाची चांगली फिरकी घ्यायची ठरवलं.

एकदा चुकलं. दोनदा. तीनदा. दार बंद.

पण बाहेरचा जाईना. ठोठावतच राहिला.

"ठोठाव लेका," वजदी म्हणाला. "सकाळपर्यंत ठोठाव."

त्याने चहा केला. खूप दिवसांनी त्याला मजा वाटत होती. पहाटेच्या सुमाराला ठोठावणं थांबलं. दमला बिचारा, असं म्हणून तो घरी जाऊन झोपला.

सकाळी त्याला उठवायला अय्यूब आला.

"तू इथे कसा? तुझी फेरी होती ना?"

"पोरगा तापाने फणफणला होता रे. सफवत म्हणाला, तू घरी थांब, मी जातो..."

ट्रक चौकीच्या पुढे उलटला होता. मोडलेला पाय ओढत सफवत चौकीपर्यंत आला होता. सापडला तेव्हा भिंतीला टेकून बसलेला होता. मोबाईल हातात. ॲप उघडं.

उपग्रहाचं इंटरनेट जमिनीला लागतं ते परदेशात. म्हणून चौकीचा पत्ताही परदेशचा दिसतो. वजदीला हे माहीत होतं रे पोरांनो. त्या रात्री आठवलं नाही, इतकंच. आणि ॲपला कुठलं कळतंय? ते आपलं जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा देत बसलं.

वजदीने खांदा दिला, माती दिली, आल्यागेल्याला बिनसाखरेची कॉफी दिली. डोळ्यांत टिपूस नाही. हात कुणा दुसऱ्याचे असावेत असं त्याला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सफवतच्या बायकोने, नजातने, विचारलं, "भाऊजी, इतका वेळ ते तिथे होते. तुम्ही तर जागे होतात. त्यांचा फोन नाही आला?"

"नाही वहिनी. फोन नाही आला."

तसं पाहिलं तर हे खरंच होतं, दारच बंद होतं तर फोन येणार कुठून? मला विचाराल तर खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

सफवतच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला त्या रात्री तो पुन्हा सर्व्हरच्या खोलीत बसला होता. काही काम नव्हतं. घरी नजातसमोर बसवेना, म्हणून.

स्क्रीन हलली.

पत्ता तोच. नंबर सतरा.

चौकी हाजीने बंद केली होती. तबकडी उतरवून आणलेली, त्याच खोलीत भिंतीला उभी होती. सफवतचा मोबाईल नजातच्या पेटीत. बंद.

एकदा चुकलं.

वजदी बघत राहिला.

दोनदा...

त्याने पहारा उठवला. सतराला जुना पासवर्ड परत दिला.

टेबलावरचा फोन वाजला.

उचलला.

नुसता वारा...

"दादा?"

वारा...

"दादा, दार उघडलंय. बोल."

कुणीतरी श्वास घेतला. जवळ. अगदी कानाशी.

"मी जागा होतो, दादा. मी बघत होतो... मी हसत होतो."

वारा थांबला.

श्वासही.

मग फोन ठेवल्याचा आवाज. सावकाश ठेवला होता, आपटला नव्हता.

वजदी घरी आला, वरच्या मजल्यावर गेला. नजातला उठवलं आणि सगळं सांगितलं. ती दिवा मालवून आत गेली.

मग? मग काय, फव्वाझ. सकाळी वजदी कामावर गेला, तर सर्व्हर त्याच्याच मोबाईलला आत घेईना. स्क्रीनवर पाहिलं तर बंद केलेल्या पत्त्यांत त्याचा पत्ता. चुका किती? एकही नाही. त्याने तो काढला. दुपारी पुन्हा तिथेच. मोबाईल बदलला, नंबर बदलला, घरचं इंटरनेट बदललं. असियूतहून जाणकार माणूस आणला. त्याने सर्व्हर पुसून सगळं पहिल्यापासून बसवलं. हाजीचा फोन लागला, अय्यूबचा लागला, गोदामातल्या बायकांचे लागले.

वजदीचा आजही लागत नाही.