सतरा नंबरचा वाफा

“मुळाला हात लावू नकोस, ईश्वरी. वरचा कोवळा शेंडा तेवढा खुड.”

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी पहाटे बिल्डिंगखालच्या माझ्या सतरा नंबरच्या वाफ्यापाशी वाकले की आधी तिचं हे सांगणं कानात येतं, मग हात पुढे जातो. त्या दिवशी मात्र हात हवेतच राहिला… दूर्वा नव्हत्याच! नुसती उकरलेली ओली माती. आणि शेजारच्या वाफ्यात एक तरुण समाधानानं हात झटकत उभा.

“तुमच्याकडे हरळी माजली होती,” तो म्हणाला. “सगळी साफ केली. थँक्यू नको हां, शेजारधर्म!”

माझे डोळेच भरून आले.

“अहो… गवतासाठी रडताय?”

“दूर्वा होत्या त्या. रोज गणपतीला एकवीस वाहते मी. आईचा नेम आहे.”

“या अल्ला!” त्याचा चेहरा पडला. “आमच्या दापोलीला हरळी उपटली नाही तर अब्बा जेवायला वाढू देत नाहीत हो…”

तो वासिफ. इथं आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. कचऱ्याच्या ढिगातून त्यानं एकेक मुळी शोधून आणली आणि परत लावली. दुसऱ्या दिवशी फुटबॉल ग्राउंडवरची मूठभर हरळी घेऊन हजर!

“तिथं सांडपाणी शुद्ध करून घालतात,” मी हळूच म्हटलं. “देवाला कशी वाहू?”

“बाप रे! तुमच्या देवाच्या अटी माझ्या मॅनेजरपेक्षा कडक आहेत.”

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले… नवा फुटवा येईपर्यंत देवाला अक्षता वाहिल्या आणि क्षमा मागितली.

मग रोजच. तो फजरची नमाज पढून थेट यायचा, मी न्हाऊन, ओल्या केसांनी. धुक्यात त्याची लाल माठाची भाजी, माझ्या दूर्वा, मध्ये एक नळ. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. महिन्यातले चार दिवस मी खाली उतरत नसे. तरी माझ्या वाफ्याला पाणी मिळालेलं असायचं. त्यानं कधी काही विचारलं नाही.

जानेवारीत गेटवर नोटीस लागली. वाफे काढून तिथं पार्किंग होणार होतं.

आम्ही दारोदार सह्या मागत फिरलो.

“तूच बोल,” वासिफ म्हणायचा. “तुझा आवाज इतका हळू, की लोक ऐकायला वाकतात. वाकले की सहीच करतात.”

“आणि तू काय करणार?”

“मी? मी तर कधीचा वाकलोय…”

मी कागदांत डोकं घातलं. कान मात्र तापले होते.

त्रेसष्ट सह्या झाल्या. मॅनेजमेंटच्या माणसानं कागद नीट चाळले, खजूर पुढे केले, “इन्शाल्ला, वी विल सी” म्हणाला. आठवड्यानं ईमेल आली. सॉरी म्हटलं होतं, आणि खाली तारीख.

त्या तारखेला सकाळी धुकं इतकं दाट होतं, की लोडर दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. पहिल्याच फेऱ्यात माठ गेला, मग सतरा नंबर. नळाचा पाइप वाकला, थोडं पाणी उडालं, आणि थांबलं.

“खलास,” वासिफ पुटपुटला. “उद्यापासून कुठं भेटायचं?”

“आपण कुठं भेटत होतो? पाणी घालायला येत होतो.”

“ईश्वरी… मी तरी पाणी घालायला येत नव्हतो.”

वाफा होता तोवर कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं. बाबांना नाही, त्याच्या अम्मीला नाही, एकमेकांनाही नाही.

“मीही नाही,” मी म्हटलं. “पण चोरून भेटणं मला नाही जमायचं, वासिफ. मी बाबांना सांगते. आजच.”

“काय म्हणतील?”

“आधी काहीच नाही. मग दोन दिवस जेवणार नाहीत.”

“आणि नाहीच म्हणाले तर?”

“तर तेही मीच येऊन सांगेन. फोनवर नाही.”

त्यानं नुसती मान हलवली. डोळे लाल झाले होते… धूळही बरीच उडत होती म्हणा.

मी वळले. बाबांची गाडी अजून खालीच होती, म्हणजे ते ऑफिसला निघाले नव्हते. लिफ्टपाशी मी पायांची माती झटकली आणि सातव्या मजल्याचं बटण दाबलं.