एकवाटा

उंचनगरात वाहन नव्हतं, पायऱ्या होत्या. डोंगरउतारावरच्या या शहरात बाजार खाली, दवाखाना मध्ये आणि देऊळ पार वर. तरी त्या बाराशे पायऱ्या माणसं हसतखेळत चढत, कारण तिथे ओझं कुणी एकटं वाहत नसे.

प्रत्येकाच्या मनगटात एक कडं असे. कडेवर मूल घेतलेली बाई जिना चढू लागली, की पृथ्वीची त्या मुलावरची ओढ तिच्या कड्यातून आसपासच्या शंभर कड्यांत वाटली जाई. याला भारांतर म्हणत. वजन नाहीसं करता येत नाही, त्याची फक्त जागा बदलता येते, हा त्याचा नियम. दहा किलोंचे शंभर वाटे केले तर एकेकाच्या वाट्याला शंभर ग्रॅम, म्हणजे खिशात दोन लिंबं. लेकुरवाळी घराबाहेर पडली की सगळं शहर तिला असा हातभार लावी.

केळुसकरांच्या आळीने मात्र तो लावला नाही.

मोरेश्वर केळुसकर आळीचे अध्यक्ष. "आमच्याकडे सगळे गुडघेदुखीवाले. लोकांची पोरं आम्ही का वाहायची?" असं म्हणून त्यांनी आळीतली सगळी कडी बंद करायला लावली. त्याच सकाळी हेमांगी पोंक्षे बारा दिवसांच्या बाळाला दवाखान्यात दाखवायला निघाली होती. दुसऱ्या कडेवर अडीच वर्षांची शाल्मली. आळीतल्या जिन्याच्या मध्यावर दोन्ही मुलांचं वजन एकदम तिच्या अंगावर आलं. बाळंतपणाचे टाके अजून ओले होते. एक हात सुटला. बाळ छातीशी राहिलं, शाल्मली सोळा पायऱ्या गडगडत गेली.

तिच्या पायाचं हाड सांधलं, पण पाऊल कायमचं वाकडं पडू लागलं.

अशा माणसासाठी उंचनगरात एक शिक्षा होती. ज्याने वाटा नाकारला, त्याच्या एकट्याच्या कड्यात वर्षभर आपलं सगळं ओझं घालायचा हक्क हेमांगीला होता. त्याला एकवाटा म्हणत, आणि तसं कडं मग बंद करता येत नसे. भारांतर केंद्रातल्या शास्त्रज्ञ तनुजा लोखंडे हेमांगीच्या मावसबहीण. ती त्यांच्याकडेच गेली.

"आधी नीट ऐक," तनुजाताई म्हणाल्या. "शंभर वाटेकरी असतात तेव्हा एक वाटा तुझ्याकडेही राहतो. एकवाट्यात सगळं त्याच्याकडे जातं. तुझ्या हाताला काही म्हणजे काही लागणार नाही."

"बरंच की."

"मुलं उचललीस की वजन त्याच्या अंगावर, खाली ठेवलीस की परत मुलांकडे. आणि तुला लागलं असतं तस्संच लागेल त्याला. डावीकडे बाळ, उजवीकडे शाल्मली."

"लागू दे ना, ताई. त्यासाठीच तर मागतेय."

"हेमा, तू कधी मुंगीवर पाय दिला नाहीस गं."

"मुंगीने माझी पोर पाडली नव्हती."

हेमांगीने सूड व्रतासारखा घेतला. नेम चुकवला नाही, खंड पडू दिला नाही. पाळणा सोडून माळ्यावर टाकला. केळुसकर रोज पाचला देवळात जायला निघतात हे कळल्यावर ती बरोबर पाचला दोन्ही मुलं उचलून खिडकीत उभी राही. समोरच्या जिन्यावर म्हातारा कठडा धरून वाके. मग ती मुलांना हळूच झुलवी. झुलवलं की त्याला हिसके बसतात, हे तिने हेरलं होतं. त्यांच्या जेवणाची वेळ साधून ती बाजाराच्या फेऱ्या मारी. दुसऱ्या महिन्यात एकदा ते बाजारातच समोर आले, घामाने निथळत.

"का हो केळुसकर, गुडघे बरे आहेत ना?" तिने गोड आवाजात विचारलं.

"आहेत, वहिनी."

"अजून पुरते दहा महिने आहेत. जपा हो."

त्या दिवशी तिला चार घास जास्त गेले.

मुलं तिच्या हातात कापसासारखी होती. झटकन वळताना तेवढा ताण जाणवे, कारण वस्तुमान जिथल्या तिथे राहतं. जाते ती फक्त खालची ओढ.

तिसऱ्या महिन्यात केळुसकर दारात येऊन उभे राहिले. कंबर वाकलेली, डावा हात रिकाम्या हवेला आधार दिल्यासारखा कोपरात मुडपलेला. आला पाय धरायला, हेमांगीच्या मनात आलं.

"माफी मागू नका. उपयोग नाही."

"मागत नाही. बाळाला दवाखान्यात न्या. गेल्या सोमवारपासून हलकं होतंय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मलाच कळणार, वहिनी. तुम्हाला कसं कळेल?"

दवाखान्यातल्या काट्यावर बाळ अर्धा किलो उतरलेलं निघालं. सुडाच्या फेऱ्यांत पाजायच्या वेळा चुकत गेल्या होत्या, दूध आटत गेलं होतं. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते दिसलं नाही. "डोळ्यांचं सोडा, आईच्या हाताला कळू नये?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाळ सावरलं. आठ दिवसांनी हेमांगी त्याला घेऊन, तनुजाताईंना सोबत करून केळुसकरांकडे गेली. एकवाट्याची जोड सोडवायची तर दोन्ही कडी एकमेकांना टेकवावी लागत, आणि तीही राजीखुशीने.

"झालं गेलं ते झालं," ती म्हणाली. "हात पुढे करा."

केळुसकर हलले नाहीत. "कालच्यापेक्षा आज तीसेक ग्रॅम जास्त आहे."

"हात करा पुढे."

"वर्ष संपायला नऊ महिने आहेत."

"मी माफ केलंय म्हणते ना!"

"मी मागितली नव्हती. शिक्षा तुम्ही दिलीत, मी ती पुरी भोगणार."

"अहो, पाठ मोडलीय तुमची!"

"मोडली. पाचला खिडकीत उभं राहून झुलवायचात ना मला? झुलवा की. वर्ष पुरं होईतो बाळ स्वतःच्या पायांवर चालेल. मग घ्या तुमचा वाटा परत."

"ताई, तू तरी सांग यांना!"

"सांगून काय होणार?" तनुजाताई खाली पाहत म्हणाल्या. "त्यांची मर्जी नसेल तर सुटत नाही गं."

केळुसकरांनी कड्याचा हात पाठीमागे नेला. हेमांगीने बाळ छातीशी घट्ट आवळलं. ते झोपलंय की जागं आहे, हे कळायला तिला मान वाकवून बघावं लागलं. समोर केळुसकरांचा डावा खांदा अलगद खाली झुकला, आणि त्यांनी सुखाने डोळे मिटले.