रडत नव्हते हां मी

हेल्मूरच्या वकिलातीत लग्नाचा दाखला चालेनासा झाला, त्याला बरीच वर्षे लोटली होती. दाखला, लग्नातले फोटो, नवराबायकोचे एकमेकांना गेलेले निरोप, सगळेच यंत्राकडून घटकाभरात हुबेहूब करून घेता येत होते आणि त्यातले खरे कोणते हे यंत्रालाही सांगता येईना. तेव्हा उत्तरेकडच्या या बेटाने कागदावरचा विश्वास काढून माणसाच्या डोक्यावर ठेवला. नवऱ्याला बायको किंवा बायकोला नवरा बोलावून घ्यायचा तर आता सहठसा द्यावा लागे.

माणूस एखादा प्रसंग आठवतो तेव्हा मेंदूतल्या काही ठरावीक पेशी एका ठरावीक चालीने जाग्या होतात. ती चाल म्हणजे त्या आठवणीचा ठसा. दोन माणसे एकाच प्रसंगात हजर असली तर त्यांचे ठसे पुष्कळसे सारखे उमटतात, आणि तोच सहठसा. दोघांनी आपल्या संसारातले थोडे प्रसंग लिहून द्यायचे, मग दोन वेगळ्या गावी यंत्राखाली बसून ते आठवायचे. ठसे जुळले तर लग्न खरे. नाही जुळले तर खोटे, आणि पुन्हा अर्ज नाही.

मल्लिनाथ सातपुते हा इचलकरंजीचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. हेल्मूरच्या कारखान्यात जहाजांच्या शिडाचे जाड कापड निघे, तिथे तो मागांवर होता. बायको वैजयंता गावी राहून सासूचे आजारपण काढत होती. सासू गेली आणि मल्लिनाथने अर्ज भरला. दोघांचे केस पांढरे व्हायला लागले होते. एका छपराखाली काढलेली वर्षे थोडी आणि फोनवर काढलेली जास्त, असा त्यांचा संसार होता.

खऱ्या परीक्षेआधी सराव चाचणी होते. वैजयंताची कोल्हापूरला झाली, त्याची हेल्मूरलाच. कोल्हापूरच्या केंद्रातल्या डॉक्टर मुक्ता आवटी यांनी त्याला फोन लावला.

"बाकी सगळं जुळतंय, सातपुते. पूर जुळत नाही."

"असं कसं? एकाच काहिलीत होतो की आम्ही."

"प्रसंग एकच आहे. पण तुमच्या ठशात त्या घाबरलेल्या आहेत, आणि त्यांच्या ठशात भीती कुठंच नाही. दुसरंच काहीतरी आहे."

"काय आहे?"

"यंत्राला तेवढं कळत नाही. तुम्ही विचारा त्यांना."

पुराची गोष्ट सातपुत्यांच्या सगळ्या गणगोताला पाठ होती. लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा पंचगंगा घरात शिरली. मल्लिनाथ तेव्हा गावातल्याच कारखान्यात अडकला होता. गूळ उकळायची मोठी काहील पुराच्या पाण्यावर नावेसारखी चालते. तशी एक काहील मिळवून तो घरापर्यंत गेला, कौले काढली आणि माळ्यावरून वैजयंताला उतरवून घेतले. पाहुणे जमले की तो ही गोष्ट सांगायचा. "आणि ही माळ्यावर बसून रडतीय," इथवर आला की थोडा थांबायचा. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "रडत नव्हते हां मी." सगळे हसायचे, आणि काहील पुढे निघायची.

"दुसरा प्रसंग देऊ का पुराऐवजी?" त्याने विचारले.

"यादी वकिलातीत पोचली. आता बदलत नाहीत."

"मग काय करायचं हो?"

डॉक्टरांनी समजावून सांगितले. आठवण ही पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी नसते. बाहेर काढली की ती काही वेळ कच्च्या मातीसारखी ओली होते. त्या ओल्या अवस्थेत तिला जे वळण मिळेल ते घेऊनच ती पुन्हा वाळते. दोघांनी मिळून एकच हकिकत घोकली की ठसे जुळत जातात. ओल जास्त वेळ टिकावी म्हणून एक गोळीही मिळते.

"पण एक ध्यानात घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "वाळल्यावर जुनं वळण उरत नाही. दोघांतल्या एकाचं जाणार."

"म्हणजे विसरणार."

"विसरलेल्या माणसाला निदान काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. इथं तेही वाटत नाही."

मल्लिनाथ हसला. "मागावर सूत तुटलं की गाठ मारतो आम्ही, डॉक्टर. गाठ हाताला लागते."

"इथं लागत नाही. कुणाची हकिकत धरायची ते दोघांनी बसून ठरवा. त्यांची तुम्ही घेतलीत तरी चालेल."

हे शेवटचे वाक्य त्याने ऐकले, पण मनावर घेतले नाही. त्याच्या घरात गोष्ट पुरुषाने सांगायची आणि दुरुस्ती आतून यायची, अशीच रीत होती. दुरुस्तीचीच कधी गोष्ट होईल हे ना त्याच्या मनात आले, ना त्याच्या आईबापाच्या आले असते.

त्याने वैजयंताला फोन केला.

"या वयात परीक्षेला बसवताय मला," ती म्हणाली. "नापास झाले तर दुसरी बघायला मोकळे."

"या वयात कोण देतंय मला? ऐक. पुराचं मी सांगतो तसं म्हणायचं. तू माळ्यावर रडत होतीस."

"पण रडत नव्हते मी."

"वैजू, आता ते नको."

"अहो, एकदा ऐकून तर घ्या. तुम्ही यायच्या आधी तिथं..."

"इकडं आलीस की निवांत ऐकतो सगळं. आता तू दुसरं काही बोललीस तर तेच पक्कं होऊन बसायचं. घोळ नको."

ती म्हणाली, "बरं. सांगा."

रोज गोळी घेऊन दोघे फोनवर बसू लागले. तो एक वाक्य म्हणे, ती त्याच्यामागून म्हणे. पाणी उंबऱ्यापर्यंत आले. पाणी चुलीत आले. मी माळ्यावर चढले. मी रडत होते. सुरुवातीला या वाक्यापाशी ती अडखळायची. एकदा हसली. एकदा म्हणाली, "हे म्हणताना तोंडाला कसंसंच होतं." पुढे अडखळणे गेले. आणि एके दिवशी "मी रडत होते" म्हणताना तिचा आवाज खरोखरच भरून आला. मल्लिनाथला हायसे वाटले.

परीक्षा झाली. ठसे जुळले. वैजयंता हेल्मूरला आली. बंदरावर त्याला पाहून म्हणाली, "वाळलात की हो," आणि त्याच्या हातातली पिशवी तिनेच घेतली.

दोघांचे दिवस चांगले चालले. थंडी सरता सरता त्याने कारखान्यातल्या इरफान मोमीनला घरी जेवायला बोलावले. इरफान मालेगावचा, दोघांच्या गप्पा मागांवरून गावाकडच्या पावसापाण्यावर गेल्या आणि मल्लिनाथने पुराची गोष्ट काढली. कारखाना झाला, काहील झाली, कौले झाली.

"आणि ही माळ्यावर बसून रडतीय," तो म्हणाला आणि थांबला.

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो येतच राहिला.

"मग?" इरफानने विचारले.

वैजयंता भाकरी घेऊन बाहेर आली. "फार रडले हो, भाऊ," ती म्हणाली. "हे आले नसते तर संपलंच होतं माझं." शब्द न् शब्द त्याचा होता.

इरफान गेल्यावर मल्लिनाथने विचारले, "वैजू, तू काय करत होतीस माळ्यावर?"

"आत्ता सांगितलं की. रडत होते."

"नाही, मला काहीतरी सांगणार होतीस तू. मी यायच्या आधीचं."

"कधी?"

"फोनवर. मी म्हटलं होतं, इकडं आल्यावर ऐकतो."

तिने मनापासून आठवून पाहिले. आठवताना ती भुवया जवळ घ्यायची, तशा घेतल्या. "नाही बा. काय सांगणार होते?" मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "एवढं तोंड का उतरलं तुमचं?"

त्याने माफी मागावी तर कशाची, हेही तिला ठाऊक नव्हते.

मग त्याने स्वतःच्याच आठवणीत शोधून पाहिले. कौले काढली तेव्हा तिचा चेहरा कसा होता? ती हसत होती का, कुणाशी बोलत होती का, तिच्या मांडीवर काही होते का? पण तीच हकिकत तिच्याइतकीच त्यानेही ओली केली होती आणि वाळवली होती. त्याच्या डोळ्यांपुढची वैजयंता आता पूर्वीपेक्षा जास्त रडत होती, पदर तोंडाला लावून.

अजूनही कुणी आले की तो ही गोष्ट सांगतो. त्या वाक्यापाशी आला की थांबतो. कशासाठी थांबतो हे तो विसरत चालला आहे. फक्त थांबायची सवय राहिली आहे.