मेब्री अँड सन्सच्या खुर्च्या

डेल्फीनला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तिच्या दंडावर हात ठेवून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "देव तुम्हाला बळ देवो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला बळ हवं असेल तर. मग म्हणाली, "हवंच आहे. सोळा उतरवल्या, चोवीस राहिल्यात. दोन तू उचल."

चूक माझी नव्हती. पश्चिम फिलाडेल्फियात दारासमोर लांब काळी गाडी उभी असली, काळ्या सुटातलं माणूस पाठीवर अंत्यविधीवाल्यांचं नाव छापलेल्या घडीच्या खुर्च्या उतरवत असलं आणि बायका फॉइलखाली तळलेली कोंबडी घेऊन येत असल्या, तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी गेलं आणि आता मातीनंतरचं जेवण आहे. मी चर्चमध्ये वाढलेली मुलगी. असं दृश्य दिसलं की सांत्वन आपोआप तोंडातून बाहेर पडतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. त्या सोमवारी संध्याकाळी सहाला रूबीच्या पार्लरमध्ये काळ्या समलिंगी लेखक-लेखिकांचं जाहीर वाचन होतं. पार्लर सोमवारी बंद असे, म्हणून जागा फुकट. माझ्या पर्समध्ये तीन पानांची गोष्ट होती आणि ती लोकांसमोर वाचायची हिंमत नव्हती. कुणी गेलं म्हणजे वाचन रद्द! त्या अनोळखी मयताचे मी मनातल्या मनात आभारही मानून टाकले होते.

"पण... गेलं कोण?"

"कुणी नाही. खुर्च्या आमच्या आहेत. बाबांचा धंदा. मेब्री अँड सन्स."

"आणि तुम्ही?"

"सन्स," ती म्हणाली, आणि तिच्या डाव्या गालाला खळी पडली. "यंदा आपल्याच पोरांसाठी या फार वेळा उतरवल्या. म्हटलं, एकदा तरी यांच्यावर बसून लोकांनी जिवंत माणसाचं ऐकावं. बाबांना विचारलेलं नाही, तेव्हा ओरखडा पाडू नकोस."

सत्त्याऐंशी साल होतं. पोरं कशानं गेली, हे विचारावं लागत नसे. एड्स हा शब्द आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेतसुद्धा कुणी उच्चारत नसे. देवाला माहीत आहेच, असं धरून चालत.

आत तिनं वाचणाऱ्यांची यादी उघडली. "नाव?"

"ग्लोरिया."

"ग्लोरिया काय?"

तिच्या मागे फळीवर तेलाच्या बाटल्या होत्या. "ग्लोरिया... सिल्क."

"ती बाटली आहे," ती मागे न बघता म्हणाली. "खरं नाव?"

"व्हर्नेल टिब्ज. पण ते लिहू नका. मी हॅटीमावशीकडे राहते. तिनंच मला वाढवलं. चर्चमध्ये दारावर लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची ती प्रमुख आहे. मागच्या वर्षी पियानो वाजवणाऱ्या मुलाबद्दल नुसती कुजबुज झाली, तर मावशीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. पांढरे हातमोजे घालून. अगदी अदबीनं."

डेल्फीननं पेन खाली ठेवलं. "आणि तरी तू आलीस."

"मला वाटलं, मी नुसती ऐकायला आलेय."

"पर्स छातीशी धरून? ऐकायला आलेल्या बायका पर्स मांडीवर ठेवतात, बाई."

तेवढ्यात दार उघडलं. जांभळी हॅट, हातात पीच-पाय या गोड पदार्थाचं भांडं... सिस्टर गेनेल अपशॉ! आमच्या चर्चची मुख्य गायिका. मावशीशी रोज सकाळी फोन.

मी सरळ मागच्या भिंतीशी जाऊन केस वाळवायच्या खुर्चीत बसले आणि तो मोठा टोप डोक्यावर ओढून घेतला. आत समुद्रासारखी शांतता होती. मला वाटलं, इथंच म्हातारं व्हावं.

थोड्या वेळानं कुणीतरी टोप दोन बोटं वर उचलला. बदामाच्या साबणाचा वास आला.

"आतलं हवामान कसं आहे?"

"ती गेली का?"

"ती वाचणार आहे. यादीत तिसरी." डेल्फीननं माझ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. त्याच्यावरही मेब्री अँड सन्स. "वारा घे. घामानं तुझी गोष्ट भिजेल."

ती गेली, पण टोप वरच ठेवून गेली.

सिस्टर अपशॉ उभी राहिली. साठीची बाई, हातात कवितेचा कागद. म्हणाली, ही कविता अल्थियासाठी. अल्थिया म्हणजे तिची चुलतबहीण. एकतीस वर्षं दोघी एका घरात राहतात आणि चर्चमध्ये कुणी कधी विचारलं नाही की चुलता नक्की कोणता.

तिनं पहिली ओळ वाचली, वर पाहिलं, आणि तिला मी दिसले. हॅटीची भाची!

तिनं कागद खाली घेतला. लोकांच्या हातातले पंखे थांबले.

मला तेव्हा कळलं की ज्या भीतीनं मी टोपाखाली शिरले होते, तीच भीती तिथं जांभळी हॅट घालून उभी आहे. मागचं दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. मी निघून गेले असते, ती खाली बसली असती, आणि दोघी सुखरूप. डेल्फीन भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. दाराकडे नाही, माझ्याकडे.

आमच्या चर्चमध्ये बोलणारा अडखळला की बाकावरून कुणीतरी हाक देतं. दया म्हणून नाही. आम्ही इथंच आहोत, कुठं जात नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. पण ती हाक मोठ्यानं द्यावी लागते, आणि आपल्याच आवाजात.

"सावकाश, सिस्टर," मी म्हणाले. "घाई नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग मागून एक जाड आवाज आला, "सावकाश!" मग आणखी एक, "आम्ही बसलोय, बाई!" सिस्टर अपशॉनं हॅट नीट केली आणि वाचलं... दर रविवारी अल्थिया घरी माझ्या गायनाच्या झग्याची मागची बटणं लावते, आणि चर्चमध्ये सहा बाकं लांब बसते.

पुढचं नाव पुकारताना डेल्फीन अडखळली. "ग्लोरिया..."

"व्हर्नेल टिब्ज," मी म्हणाले आणि उठले. मी वाईट वाचलं. मलाही कुणीतरी "सावकाश" म्हणालं, पण ते धीर द्यायला नव्हे. मी खरंच फार भरभर वाचत होते.

निघताना सिस्टर अपशॉनं माझ्या हातात पीच-पायचा तुकडा ठेवला. "हॅटीला मी सांगणार नाही, पोरी."

"मीही नाही सांगणार."

"पण असल्या गोष्टींना पाय असतात. त्यांच्या आधी तू घरी पोच."

खुर्च्या आम्ही दोघींनीच गाडीत चढवल्या. साडेसातचं ऊन रस्त्यावर लोळत होतं.

"तुझ्या गोष्टीतल्या त्या बाईला खळी का नाही?" डेल्फीननं गाडी सुरू करत विचारलं.

"लिहिताना तू भेटली नव्हतीस."

पुढचे दोन चौक तिनं गाडी अंत्ययात्रेच्या वेगानं चालवली.

"कोपऱ्यावर सोडू, की दारात?" तिचा आवाज बदलला होता. "मला बहुतेक जणी कोपरा सांगतात."

"दारात."

मावशी ओट्यावर बसली होती. काळी गाडी थांबलेली पाहून उठली. मी उतरले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन डेल्फीनचं दार उघडलं.

"चुलतबहीण म्हणून सांगणार?" ती हळूच म्हणाली.

"नाही." मी तिचा हात धरला. "मावशी, ही डेल्फीन. मला... मला ही आवडते. तुला वाटतंय तशीच."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. आमच्या हातांकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यावरचं रेडिओचं गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी ती बघतच होती. मग जाळीचं दार उघडून धरत, आमच्याकडे न पाहता म्हणाली, "रस्त्यावर तमाशा नको. जे काय आहे ते आत येऊन बोला. दोघी."

मी डेल्फीनचा हात सोडला नाही. तिचा तळवा माझ्यापेक्षाही जास्त घामेजला होता, आणि त्याच क्षणी माझी खात्री पटली की मी तिच्या प्रेमात पडलेय.